नवीन मुलांना आधी शब्दांची यादी द्यायची की सरळ ब्राउझर उघडून द्यायचा?

सेमीकोलन_राहिला
वेब डेव्हलपमेंट शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी एक यादी पडते. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग फ्रंटएंड बॅकएंड फुलस्टॅक, डोमेन, होस्टिंग, एपीआय, डिप्लॉय, प्रत्येकाची एका ओळीची व्याख्या. पोरं पाठ करतात, इंटरव्ह्यूत घडाघडा म्हणूनही दाखवतात, आणि पेज कोरं पांढरं आलं की बघायचं कुठे हे विचारलं तर गप्प. माझं म्हणणं यादी द्यायचीच नाही. कुठलीही साइट उघडायला सांगा, एफ १२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि पेज रिफ्रेश करा. वरची ओळ बहुतेक एचटीएमएलची असते, स्टेटस २०० म्हणजे सगळं ठीक, आणि मग त्या एचटीएमएलमध्ये ज्यांची नावं आहेत त्या सीएसएस, जेएस, फॉन्ट, फोटोंच्या ओळी खाली धडाधड यायला लागतात. एका ओळीवर क्लिक केलं की हेडर्स, म्हणजे मागणी-उत्तरासोबत जाणारी माहिती. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, स्टेटस कोड, कुकी, कॅश हे सगळं तिथे घडताना दिसतं, व्याख्या लागतेच कशाला? पटत नसेल तर बोला.

टेबल_लेआउटवाला
अजिबात पटत नाही. नेटवर्क टॅबमध्ये एका न्यूज साइटच्या शेकडो ओळी पळताना बघून नवीन माणूस घाबरून लॅपटॉप बंद करेल. तुम्हाला त्यात अर्थ दिसतो कारण शब्द तुमच्या डोक्यात आधीच आहेत. आणि अडलं तर तो शोधणार काय? 'माझं पेज चालत नाही'? ४ ने सुरू होणारा कोड आला म्हणजे मागणीतच काहीतरी गडबड, पत्ता चुकला किंवा परवानगी नाही, आणि ५ ने सुरू झाला तर सर्व्हरच्या बाजूला काहीतरी फुटलंय, एवढं तरी कुणीतरी आधी सांगायला नको का? ५०० आलेला असताना सीएसएसमधले कंस मोजत बसलेली मुलं बघितलीत मी.

सेमीकोलन_राहिला
ती मुलं यादी पाठ करूनच आलेली असतात ना राव!

पोर्ट_ऐंशी
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शब्दाचा अर्थ न कळणं ही नवीन लोकांची खरी अडचण नाहीच, ती गोष्ट कुणाच्या मशीनवर घडतेय हे न कळणं ही आहे. लोकलहोस्टची लिंक मित्राला पाठवून 'बघ माझी साइट' म्हणणारे दर बॅचमध्ये निघतात. त्यांना लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१ हे तोंडपाठ असतं, फक्त तो पत्ता ज्याच्या मशीनवर टाकाल त्याचं तेच मशीन दाखवतो हे कुणी सांगितलेलं नसतं. तेच एपीआय कीचं, म्हणजे दुसऱ्या सेवेकडून डेटा मागायच्या गुप्त किल्लीचं. फ्रंटएंडच्या जेएसमध्ये की लिहून ठेवतात आणि वर सांगतात की एन्व्ह फाइलमध्ये (गुपितं कोडबाहेर ठेवायची फाइल) ठेवली होती, सेफ आहे. अरे बिल्ड करताना ती बंडलमध्ये, म्हणजे सगळं जेएस एकत्र केलेल्या फाइलमध्ये, जाऊन बसली आणि ते बंडल येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये डाउनलोड होतं, सेफ कसली! स्टॅटिक साइटचं पण तसंच, लोकांना वाटतं स्टॅटिक म्हणजे पेजवर काही हलत नाही. वाटेल तेवढं हलू दे, सर्व्हर तयार फाइल जशीच्या तशी देतोय आणि दर रिक्वेस्टला नवीन पेज बनवत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. म्हणून यादी जरूर द्या, पण प्रत्येक शब्दापुढे व्याख्येऐवजी लिहा, हे ब्राउझरमध्ये, हे सर्व्हरवर, हे मधल्या वाटेत. आणि एपीआय म्हणजे हॉटेलातला वेटर हे सांगणं कृपा करून थांबवा, त्यातून वेटर लक्षात राहतो, एपीआय नाही.

हायड्रेशन_एरर
@पोर्ट_ऐंशी तुमची विभागणी २००९ च्या आधी चालली असती. त्या वर्षी नोड आलं आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवर पण पळायला लागली. आता नेक्स्ट या फ्रेमवर्कमध्ये पेजचा एकच तुकडा, म्हणजे कंपोनंट, आधी सर्व्हरवर रेंडर होतो आणि मग ब्राउझरमध्ये परत जिवंत होतो, त्याच्यापुढे काय लिहिणार?

पोर्ट_ऐंशी
'दोन्हीकडे' लिहिणार. सर्व्हरवर ब्राउझरचा विंडो ऑब्जेक्ट नसतो म्हणून 'विंडो इज नॉट डिफाइन्ड' अशी एरर येते, ती कळायला 'ही ओळ आत्ता कुठे चालली' हा एकच प्रश्न लागतो. उलट आता जास्तच लागतो.

जुनी_कुकी
मी वेगळं सांगते. हे शब्द जगात एकाच दिवशी आलेले नाहीत, मग शिकवताना एकदम का ओतायचे? डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, १९८३ चं, म्हणजे वेबच्या आधीचं. टिम बर्नर्स-लीने वेबचा प्रस्ताव १९८९ ला सर्न या संशोधन संस्थेत मांडला. कुकी, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, १९९४ ला नेटस्केप ब्राउझरमध्ये आली कारण एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात तिला, आधीची रिक्वेस्ट आठवतच नाही, तुम्ही लॉगिन केलंय की नाही हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. जावास्क्रिप्ट १९९५, सीएसएसचं पहिलं स्टँडर्ड डिसेंबर १९९६. म्हणजे लोक काही वर्षं सीएसएसशिवाय पेज बनवत होते आणि रंगासाठी फॉन्ट टॅग वापरत होते. मुलांनाही तसंच चालवा. आधी नुसतं एचटीएमएल, ते कुरूप दिसलं की स्वतःच विचारतील रंग कसा द्यायचा.

टेबल_लेआउटवाला
ताई तेवढा वेळ कोणाकडे आहे, कोर्सवाले चौथ्या लेक्चरला रिअॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी सुरू करतात.

हायड्रेशन_एरर
आणि फॉन्ट टॅग शिकवून परत विसरायला लावायचा?

जुनी_कुकी
शिकवा कुठे म्हटलं, पेज कुरूप राहू द्या म्हटलं.

नवीन_फोल्डर_२
मी सध्या शिकतेय म्हणून मधेच विचारते. माझा रिअॅक्टचा प्रोजेक्ट लोकलहोस्ट ३००० वर आहे आणि बॅकएंड लोकलहोस्ट ५००० वर, आणि फेच केलं, म्हणजे कोडमधून डेटा मागवला, की कन्सोलमध्ये लाल अक्षरात कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरचा डेटा वाचायच्या परवानगीची) एरर. तीच लिंक पोस्टमन या रिक्वेस्ट तपासायच्या ॲपमध्ये टाकली तर डेटा व्यवस्थित येतो. मग चूक कुठेय? कॉर्सची व्याख्या मला पाठ आहे, तिचा काही उपयोग होत नाहीये.

सेमीकोलन_राहिला
हेच!! व्याख्या पाठ आहे आणि उपयोग शून्य, मी वर काय म्हटलं.

टेबल_लेआउटवाला
थांबा, ओरिजिन हा शब्द माहीत असता तर तिला विचारावंच लागलं नसतं. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही मिळून एक ओरिजिन. पोर्ट वेगळा म्हणून ३००० आणि ५००० ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी ओरिजिन. पोर्ट बदलला की ओरिजिन बदलतं हे नेटवर्क टॅब कुणाला आपणहून सांगत नाही.

पोर्ट_ऐंशी
@नवीन_फोल्डर_२ साध्या गेट रिक्वेस्टला तुझा सर्व्हर उत्तर देतोय, ते तुझ्या मशीनपर्यंत येतंय सुद्धा. ब्राउझर ते तुझ्या कोडला वाचू देत नाहीये, कारण त्या उत्तरात 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' हेडर नाही. पोस्टमन ब्राउझर नाही, तो हे तपासतच नाही, म्हणून तिथे चालतं. नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स हेडर्स बघ, ते नाव सापडायचं नाही.

हायड्रेशन_एरर
फेचमध्ये मोड नो-कॉर्स टाक, एरर जाईल.

पोर्ट_ऐंशी
एरर जाईल आणि डेटाही जाईल! नो-कॉर्समध्ये रिस्पॉन्स येतो पण तो बंद पाकीट, बॉडी वाचता येत नाही आणि स्टेटस ० दिसतो. नवीन माणसाला असलं काही सांगू नका, एरर नाही म्हणजे झालं असं समजून ती पुढे जेसन पार्स का होत नाही ते शोधत बसेल.

नवीन_फोल्डर_२
हेडर नाहीये खरंच. बॅकएंड एक्सप्रेसमध्ये (नोडचं फ्रेमवर्क) मीच लिहिलाय, तिथे कॉर्सचं पॅकेज टाकू का?

पोर्ट_ऐंशी
टाक, पण राउट्सच्या, म्हणजे कुठल्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं त्या कोडच्या, वर. खाली टाकलंस तर वरचे राउट आधीच उत्तर देऊन मोकळे होतात आणि हेडर लागतच नाही. आणि ओरिजिनच्या जागी स्टार, म्हणजे सगळ्यांना परवानगी, नको, ३००० वाला पत्ता लिही, उद्या लॉगिनची कुकी पाठवायला जाशील तेव्हा स्टार चालत नाही.