इंग्लंड ट्रिप जून (फक्त कामाचं बोला)

शुभदाकाकू: मंदार, पीडीएफ पाहिली. लंडनचा एक दिवस कापून कॉव्हेंट्री दोन दिवस? कोणाला विचारून? रूपाली म्हणाली तिथे नुसतं सिमेंट आहे.

रूपाली: मी 'बरंच सिमेंट' म्हटलं होतं काकू 🙏

मंदार: रिंग रोड बघून तसंच वाटतं. पण जुनं कॅथेड्रल बघा. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळलं, भिंती आणि मनोरा उरला. ते अवशेष तसेच ठेवून शेजारी बेसिल स्पेन्सने नवीन बांधलं, 1962 ला पूर्ण. आत ग्रॅहम सदरलंडचा प्रचंड विणलेला पडदा आहे.

सुहासकाका: *Forwarded* चर्चिलला हल्ल्याची आधीच खबर होती!! गुप्त संकेत फुटल्याचं जर्मनांना कळू नये म्हणून शहर जळू दिलं!! नक्की वाचा, पुढे पाठवा

मंदार: काका, मोठा हल्ला होणार हे कळलं होतं, पण कुठे ते नाही. चर्चिल तर बाहेरगावी निघालेला, लंडनच लक्ष्य समजून परत फिरला. बहुतेक इतिहासकार ही गोष्ट मानत नाहीत.

सुहासकाका: इतिहासकार त्यांचेच.

नंदूमामा: मनोऱ्याला लिफ्ट आहे का?

मंदार: 180 पायऱ्या, मामा.

नंदूमामा: मग खालून नमस्कार.

शुभदाकाकू: माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. लंडनचा दिवस?

केतकी: काकू, मला प्रीसिंक्ट बघायचंय. गाड्यांना बंदी असलेला बाजार, युद्धानंतर बांधला तेव्हा ब्रिटनमध्ये नवीनच होता. डोनाल्ड गिब्सन हा शहराचा आर्किटेक्ट, युद्धाआधीच मध्यवस्ती बदलायच्या विचारात होता. बॉम्बने त्याला मोकळी जागा मिळाली.

रूपाली: आणि सगळं जर्मनांनी नाही पाडलं हं. बुचर रो ही जुनी गल्ली नगरपालिकेनेच 1936 मध्ये पाडली. शहरात उरलेली काही लाकडी घरं नंतर उचलून स्पॉन स्ट्रीटवर आणून बसवली.

नंदूमामा: घरं उचलून नेली! आमच्या बिल्डरला सांगा, त्याला नऊ वर्षांत पाडायलाही जमलं नाही.

अविनाश: विषयांतर नको. हंपीचे माझे 4200 अजून आले नाहीत. नाव घेत नाही.

शुभदाकाकू: घे ना नाव. आम्ही जीपे केलंय.

सुहासकाका: *Forwarded* चर्चिलला हल्ल्याची आधीच खबर होती!! गुप्त संकेत फुटल्याचं...

केतकी: काका 😭

नंदूमामा: मंदार, ती घोड्यावरची बाई तिथलीच ना?

मंदार: गोडायव्हा. अकराव्या शतकातली. नवऱ्याने लादलेला कर कमी व्हावा म्हणून विवस्त्र फेरी मारली अशी दंतकथा. ब्रॉडगेट चौकात तिचा पुतळा आहे. तिथल्या घड्याळात, चालू असेल तर, तासाला ती बाहेर येते आणि वरच्या खिडकीतून टॉम, म्हणजे दंतकथेत तिला चोरून बघणारा, डोकावतो.

रूपाली: सुहासकाकांना तिथे उभं करू. चर्चिल विसरतील.

शुभदाकाकू: मुलं ग्रुपवर आहेत.

अविनाश: ट्रान्सपोर्ट म्युझियम ठेवा. आताच्या सायकलचा साचा 1885 मध्ये स्टार्लीने तिथेच काढला. आणि जमिनीवर आवाजाहून वेगाने धावलेली थ्रस्ट एसएससी गाडी तिथे आहे. बाकी काही नसलं तरी चालेल.

मंदार: आणि जॅग्वार लँड रोव्हर 2008 पासून टाटांकडे. कॉव्हेंट्रीतल्या व्हिटलीच्या आमच्या ऑफिसात दुपारी डब्याचा वास येतो.

शुभदाकाकू: बरं. एक दिवस कॉव्हेंट्री, लंडन पूर्ण. कॅथेड्रल आणि म्युझियम, दुकानं नकोत.

केतकी: प्रीसिंक्ट म्हणजे दुकानंच आहेत काकू.

शुभदाकाकू: मग चालतच जा त्यातून.

सुहासकाका: चर्चिलबद्दल कोणी काही बोललं नाही.

अविनाश: 4200.