विषमुक्त भाजी हवी, मग कसणाऱ्याच्या हाती कागद का नको?

परळकर (चर्चाप्रस्ताव):
विक्रमगडकडच्या एका ताईंकडून मी तीन वर्षे दर रविवारी भाजी घेत होतो. यंदा त्या आल्या तेव्हा टोपलीत फक्त कुर्डू आणि टाकळा या रानभाज्या होत्या. दीड एकर जमीन त्या तोंडी बोलीवर अर्धेलीने, म्हणजे निम्मे पीक मालकाला देऊन, कसत होत्या. पहिल्या वर्षी ढेकळे फोडताना हाताला फोड आले, आणि शेणखत व ताग गाडून तिसऱ्या वर्षी तीच माती मुठीतून भुरभुरत गळू लागली, हे त्या तळहात पुढे करून सांगत होत्या. माती सुधारल्यावर मालकाने जमीन परत मागितली.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांच्या जमिनीला सर्वसाधारणपणे २ वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांना ३ वर्षांचा रूपांतरकाळ (रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे जाण्याचा काळ) लागतो. ज्याची बोली एका हंगामाची आहे, त्याने हा काळ कशाच्या भरवशावर काढायचा? सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे त्याला पीककर्ज मिळणे कठीण असते आणि पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमिनीच्या मालकाच्या खात्यात जातात. कसणाऱ्याला किमान पाच वर्षांचा लेखी करार मिळाल्याशिवाय शाश्वत शेतीची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

लालबागकर:
परळकर, आपल्या ताईंबद्दल मला मनापासून वाईट वाटते; परंतु मालक म्हटला की तो सधनच असतो, असे आपण गृहीत धरलेले दिसते. माझे आजोबा गिरणीत साच्यावर (मागावर) होते आणि गावची जमीन भाऊबंद कसत असत. १९४८ च्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा आमचा मोठा तुकडा गेला. कायद्याचा हेतू न्याय्य होता, हे मी आजही मान्य करतो. मात्र ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती तेव्हापासून घरात जी शिरली ती गेलेली नाही, आणि त्यामुळेच उरलेली अडीच एकर आम्ही कोणाला दोन वर्षे सलग देत नाही. कोकणात कितीतरी वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन याच भीतीने पडीक आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव चढले की ते काढण्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे आम्ही भोगले आहे.

बोरिवलीची कृषी पदवीधर:
दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेली आहे. ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या सातबारा आहे, तेही युरियाच टाकतात. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र (एका खातेदाराकडची जमीन) २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार अवघे १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर रूपांतराच्या काळात उत्पन्न घटले, तर कागद हातात असूनही घर चालत नाही. त्या दोन वर्षांची तूट भरून काढणारा भाव मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची ऐपत मुंबईतल्या ग्राहकाकडे आहे.

परळकर:
भावाचा मुद्दा मला मान्य आहे, पण वाढीव भाव प्रमाणित मालाला मिळतो आणि रूपांतरकाळ पुरा करण्याइतकी जमीन हाती राहण्यासाठी पुन्हा कागदच लागतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शीव ते आझाद मैदान ही वाट रात्री कापली, तेव्हा मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. त्यांपैकी बहुसंख्य आदिवासी होते आणि कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा ही त्यांची प्रमुख मागणी होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने द्यायची तरतूद आहे. खासगी जमीन अर्धेलीने कसणाऱ्या बाईचे नाव मात्र कुठेच लागत नाही.

लालबागकरांची भीती खरी आहे, म्हणून मालकी मागू नये. निती आयोगाने २०१६ मध्ये सुचवलेल्या आदर्श कायद्याचा गाभाच असा आहे की भाडेपट्टा लेखी असावा, त्यातून मालकीवर दावा उभा राहू नये आणि तरीही कसणाऱ्याला कर्ज व विमा मिळावा. माझा आग्रह एवढाच की जमीन सोडताना, माती सुधारण्यासाठी घातलेल्या खताचा आणि श्रमाचा मोबदला कसणाऱ्याला मिळावा.

लालबागकर:
मोबदला ठरवायचा कोणी आणि कसा, यावर माझा आक्षेप कायम आहे. मातीचा कस मोजताना गावकीचे राजकारण आड येणारच. परंतु महसुली दप्तरात ‘भाडेपट्टा, मुदत ५ वर्षे, मालकी हक्क नाही’ एवढी स्वच्छ नोंद होणार असेल आणि मुदत संपताच ती आपोआप निघणार असेल, तर आमची अडीच एकर मी त्या ताईंसारख्या कोणालाही द्यायला तयार आहे. थोरल्या काकांना मात्र मला आधी समजवावे लागेल, कारण १९५७ मध्ये ते नऊ वर्षांचे होते आणि बांधावर उभे राहून रडणारी आजी त्यांना अजून आठवते.