रहाटपाळणा, कोलंबस आणि ‘नूतनीकरणासाठी बंद’

पनवेलहून

दोन शब्दांवर जाणकारांचं मत हवं आहे. परवा भाच्यांना घेऊन एका पार्कात गेलो होतो. पहिल्याच घसरगुंडीपाशी पाटी: ‘नूतनीकरणासाठी बंद’. आत डोकावलो तर एक जण शिडीवर बसून कठड्याला निळा रंग देतोय आणि दुसरा खाली शिडी धरून उभा. बास, एवढंच. आमच्या घरी याला रंगरंगोटी म्हणतात आणि ती दिवाळीच्या आधी दोन दिवसांत उरकते.

दुसरं असं की भाचे ज्याला जायंट व्हील म्हणतात त्याला मी आकाशपाळणा म्हणतो आणि माझी आई रहाटपाळणा. आईचा शब्द नुसता जुना आहे की चूक?

गुहागरहून

आईंना नमस्कार सांगा, शब्द त्यांचाच अस्सल आहे. आकाशपाळणा फक्त उंची सांगतो, रहाटपाळणा यंत्र समजावतो. आमच्या पोफळीच्या बागेत विहिरीवर रहाट होता. माळेला बांधलेले लोटे एका बाजूने भरून वर यायचे, पन्हळीत पाणी ओतून दुसऱ्या बाजूने रिकामे खाली जायचे. जत्रेत पाळणा पाहिला की आमच्याकडच्या पोरासोरांना वेगळं काही सांगावं लागत नसे.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फुटी चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. इंग्रजीत त्या चाकाला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. आपण विहिरीकडे बघून नाव ठेवलं, एवढाच फरक.

मिरजेहून

काका, एक शंका. रहाटाचा लोटा वर गेला की उलटतो, म्हणून तर पाणी पडतं. त्या हिशेबाने पाळण्यातल्या माणसांचं काय?

गुहागरहून

म्हणूनच पुढे ‘पाळणा’ जोडलाय! रहाट फिरतो, पाळणा लोंबकळत सरळ राहतो. दोन्ही पदं आपापलं काम करतात. जायंट व्हील म्हणजे नुसतं मोठं चाक. ते बैलगाडीचंही असू शकतं.

आमच्या लहानपणी लाकडी चौकटीला चार खोकी टांगलेली असत. पाळणेवाला वर आलेल्या दांडीला लटकायचा आणि आपल्या वजनाने तिला खाली आणायचा. मोटर नाही, काही नाही. बसण्याआधी खोक्याची कडी तो स्वतः ओढून बघायचा, आपण लावली असली तरी. अंगठ्याला काळं वंगण लागलेलं असायचं, ते आमच्या सदऱ्यावर उतरायचं आणि घरी बोलणी खावी लागायची.

मिरजेहून

पटलं. पण जत्रेतली बाकीची नावं बघा. टोराटोरा, ब्रेकडान्स, सलांबो, कोलंबस. मराठीपण शोधायचं असेल तर नावात शोधू नका, क्रियापदात सापडेल. माझी धाकटी बहीण कोलंबसच्या झुलत्या जहाजातून उतरली की म्हणायची, ‘मला कोलंबस लागला.’ गाडी लागते, बोट लागते, तसा कोलंबस लागतो! याचं इंग्रजी करून दाखवा कुणीतरी.

बोरिवलीहून

टोपणनावांचा विषय निघालाच आहे म्हणून. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ला सुरू झालं आणि २०२२ला बंद पडलं, पण आमच्या चाळीत तो शब्द अजून चालतो. मैदानात चार पाळणे लागले की आजही कुणीतरी म्हणतंच, ‘एस्सेलवर्ल्ड लागलंय.’ आम्ही नुसतं ‘एस्सेल’ म्हणायचो. पत्ता सांगताना ‘पलीकडे’. खाडी ओलांडून बोटीने जायचं, म्हणून पलीकडे.

विशेषनामाचं सामान्यनाम होणं जगभर चालतं. कोपनहेगनमध्ये १८४३ साली तिवोली ही करमणुकीची बाग उघडली आणि आज डॅनिशमध्ये कुठलंही असं उद्यान ‘तिवोली’. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली लूना पार्क उघडलं, तर तुर्की आणि इटालियनमध्ये सगळीच उद्यानं लूनापार्क.

खोपोलीचं इमॅजिका २०१३ला आलं. मागाहून त्यांनी इंग्रजी नावाच्या शेवटी एक जादा ‘ए’ लावला. देवनागरीत त्याचा पत्ताच लागला नाही.

ऑर्लँडोहून

इकडे दर उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि विमानतळावरच विचारतात, ‘डिस्नेलँड किती लांब?’ डिस्नेलँड कॅलिफोर्नियात, १९५५चं. इथलं डिस्ने वर्ल्ड, १९७१चं. दहा वर्षं दुरुस्त करत होतो, आता सोडून दिलं. मराठीत ‘डिस्नेलँड’ हे ठिकाणाचं नाव उरलेलंच नाही, त्या अनुभवाचं नाव झालंय.

पण मला लिहायचंय ते पनवेलकरांच्या पाटीबद्दल. इथे स्प्लॅश माउंटन नावाची राइड होती. ओंडक्याच्या आकाराच्या नावेतून जायचं आणि शेवटी पन्नासेक फुटांवरून पाण्यात कोसळायचं. तिच्यातली पात्रं १९४६च्या ज्या चित्रपटातली होती, त्यात कृष्णवर्णीयांचं चित्रण आक्षेपार्ह असल्याची टीका फार जुनी. २०२०मध्ये बदल जाहीर झाला, जानेवारी २०२३मध्ये राइड बंद पडली आणि जून २०२४मध्ये टियाना या राजकन्येच्या गोष्टीसह उघडली. कालवा तोच, ओंडके तेच, कडाही तोच. याला काय म्हणाल? आमच्या मंडळाच्या अंकात मी ‘कायापालट’ लिहिलं आणि एका आजोबांनी तिथेच टोकलं.

कोल्हापूरहून

आजोबा बरोबर आहेत. काया म्हणजे शरीर, आणि ते तर तसंच राहिलं. ‘कात टाकली’ म्हणा. साप तोच, कातडी नवी. वर्तमानपत्रांनी एसटी स्टँडपासून ग्रंथालयापर्यंत सगळ्यांना कात टाकायला लावून हा वाक्प्रचार गुळगुळीत केलाय, पण इथे तो चपखल बसतो.

‘जीर्णोद्धार’ मात्र नको. त्यात देव तोच राहतो आणि देऊळ नवं होतं. तुमच्याकडे देऊळ तेच ठेवून देव बदललेत!

क्लीव्हलँडहून

मग जीर्णोद्धाराचं उदाहरण मी देतो. इथून तासाभरावर सीडर पॉइंट हे करमणूक उद्यान आहे, ईरी सरोवराच्या काठी. ‘रोलर कोस्ट’ हे त्याचं टोपणनाव, किनारा आणि कोस्टर यांच्यावरचा श्लेष. तिथे १९९१चा मीन स्ट्रीक नावाचा लाकडी रोलर कोस्टर होता. बसलं की मणक्यांची मोजदाद व्हायची. तो २०१६ला बंद केला, लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर पोलादी रूळ टाकले आणि २०१८ला स्टील व्हेन्जन्स या नावाने उघडला. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ही कंपनी असली कामं करते, म्हणून इथले शौकीन कंपनीच्या आद्याक्षरांचंच क्रियापद करतात. अमुक कोस्टर ‘आरएमसी केला’, जसं आपण झेरॉक्स काढतो.

कोल्हापूरहून

नावही बदललं ना? मग जीर्णोद्धार कसला, हा तर दत्तक घेतल्यासारखा प्रकार झाला. हाड जुनं, नाव-गोत्र नवं.

ऑर्लँडोहून

आणि तात्पुरत्या सजावटीला? कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनला, म्हणजे भुतांच्या वाड्याला, २००१पासून हॅलोविन ते नाताळ वेगळाच साज चढवतात आणि जानेवारीत उतरवतात.

कोल्हापूरहून

हे तर आमच्या घरचंच. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात. मूर्ती एकच, रूपं नऊ. ‘पूजा बांधली’ असं भुतांच्या वाड्याला म्हणवणार नाही, पण ‘साज चढवला’ तुम्हीच लिहिलंत, तोच ठेवा.

पनवेलहून

म्हणजे माझ्या पाटीवर ‘रंगकामासाठी बंद’ एवढंच हवं होतं. रूळ, पट्टे, बेअरिंग बदलत असतील तर डागडुजी. नूतनीकरण हा शब्द निविदेत राहू द्या.

एक राहिलंच. रोलर कोस्टरला मराठी शब्द का रुजला नाही? फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये त्याला ‘रशियन डोंगर’ म्हणतात, कारण रशियात हिवाळ्यात बर्फाच्या उतरणी करून घसरायची चाल होती. आणि रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! प्रत्येकाने डोंगर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलाय.

गुहागरहून

आमच्या वहिनींना लेकाने एकदा बळेच बसवलं होतं. पदर दातात धरून उतरल्या आणि म्हणाल्या, ‘मेल्या, कुंभार्ली घाट उतरायला तिकीट कशाला काढलंस? एसटीने फुकट लागला असता.’

मिरजेहून

काका, एसटीलाही तिकीट लागतं.

गुहागरहून

घाट लागायला नाही लागत.