कोब्राच्या प्रतिकृतीवरील तारांची चाके: आट्यांची दिशा

कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीला तारांची चाके लावताना स्प्लाइन (चाक अडकवणाऱ्या लांबट खाचा) असलेले अ‍ॅडॉप्टर हब, म्हणजे गाडीच्या मूळ हबवर बसवायचे जोडहब, कोणत्याही बाजूस चालतील, असे काहींचे मत आहे; त्याच्याशी मी सहमत नाही, कारण प्रश्न जिवाचा आहे. मधल्या एकाच नटाने चाक बसवण्याच्या रज-व्हिटवर्थ पद्धतीत गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला उजवे आटे (घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळणारे) आणि उजव्या बाजूच्या हबला डावे आटे (उलट दिशेने आवळणारे) असतात. त्यामुळे गाडी पुढे जाताना मधला मोठा नट आपोआप आवळत जातो. बाजूंची अदलाबदल झाली, तर तोच नट सैल होत जाऊन चाक निखळू शकते. खूण सोपी आहे: नट सोडण्यासाठी तो चाक पुढे फिरते त्याच दिशेने फिरवावा लागला पाहिजे. इंचाला 8 आटे आहेत की 12, हेही नट घेण्यापूर्वी मोजावे.

स्प्लाइनला ग्रीसचा पातळ थर द्यावा. कोरडी स्प्लाइन झिजते आणि ती झीज नट कितीही आवळला तरी भरून निघत नाही. हा मधला नट पंखांचा असेल तर तो तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनेच ठोकावा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा तपासावेत, हा माझा आग्रह आहे. तारांची टोके रिममधून आत येत असल्यास ट्यूब आणि रिमची पट्टी वगळू नये.