अनुभव धागा: नागपुरात धंद्याला सरकारी हातभार नक्की कुठं लागला?

मिहान प्रकल्प आणि समृद्धी महामार्गावर भरपूर वाद घालून झालेत, ते परत नकोत. इथं फक्त आपापल्या गल्ल्याबद्दल लिहा. महापालिका, नगर परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, एमआयडीसी यांच्या कुठल्या निर्णयानं विक्री खरंच वाढली, कुठल्यानं बसली? काटोल, उमरेड, सावनेरच्या लोकांनीही हक्कानं लिहा.

इतवारीकर
किराणा होलसेल. आमच्यासाठी सगळ्यात मोठी योजना म्हणजे जकात गेली ती. ट्रक रात्रभर नाक्यावर, ड्रायव्हरचे फोनवर फोन, आणि सकाळी हमाल बिड्या ओढत बसलेले. एप्रिल 2013 ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, त्याच्याही विरोधात आम्ही शटर पाडले. ऑगस्ट 2015 ला 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला, म्हणजे इतवारीतले बहुतेक सुटले. पण राजेहो, एक गोष्ट आपण व्यापारी बोलत नाही. त्यानंतर महापालिकेला राज्याच्या अनुदानाकडे तोंड करून बसावं लागतं. मग नाली तुंबली की आपणच ओरडतो.

तर्रीवाली
माझी पोहे-चण्याची गाडी आहे. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांच्या कर्ज योजनेतून पहिलं कर्ज 10 हजार मिळालं, फेडल्यावर 20 हजार. त्यातून मोठा गंज (पातेलं) घेतला, क्यूआर लावला. पण खरं सांगू का, कर्जापेक्षा विक्रेता प्रमाणपत्र कामी आलं. लॅमिनेट करून गाडीलाच टांगलंय. 2014 च्या कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य आमच्यातलेच पाहिजेत, हे आमच्या रांगेत कोणालाच ठाऊक नव्हतं. काऊन सांगतील?

वहीपेन
आमच्यासमोर सिमेंट रोड झाला. पेढे वाटले मी. रोड दुकानाच्या ओट्याच्या वर गेलेला आहे हे पहिल्या पावसात कळलं. पाणी शटरखालून आत आलं आणि खालच्या फळीवरच्या वह्या फुगून दुप्पट झाल्या. आता दारात विटांचा बांध घातलाय, त्याला गिऱ्हाईक ठेचकाळतं. याला विकासच म्हणतात म्हणे.

बर्डीवाला
मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा पत्र्यांमागं आमचं दुकान दिसत नव्हतं. आता खापरीकडचं गिऱ्हाईक येतं, पार्किंग शोधत नाही. दोन्ही खरं आहे.

वेल्डिंगवाला
हिंगणा एमआयडीसी, फॅब्रिकेशन. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मशीन घेतलं. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25. महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना 25 आणि 35. आकडा ऐकून पोरं धावतात. पण ते पैसे हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून पडून राहतात आणि मुदत संपली की कर्जात वळते होतात. हप्ता मात्र भरायचाच. हे उद्योग केंद्राच्या बाकड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कारखानदारानं सांगितलं, फलकावर नव्हतं.

खरा जीव गेला तो बिलात. एका मोठ्या कंपनीनं शेडच्या छताचे लोखंडी सांगाडे उचलले आणि पैसे अडकवले. आज साहेब नाहीत, उद्या ऑडिट आहे, परवा नवीनच माणूस फोनवर. 2006 च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यात बिल द्यायला 45 दिवसांची कमाल मुदत आहे. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. असली थकलेली बिलं बघणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मी ऑनलाइन अर्ज टाकला. नोटीस गेली आणि फोन न उचलणाऱ्या अकाउंट्सवाल्यानंच फोन केला, "दादा, बसून मिटवू." मुद्दल मिळालं, व्याजावर मी पाणी सोडलं, कारण पुढची ऑर्डरही तिथूनच येणार होती. नव्या कारखान्यांना जागा देताय, ठीक; आधी जुन्यांची बिलं वेळेवर निघतील एवढं बघा.

तालुक्याचा
आमच्याकडे व्यापारी संकुल बांधलं. खालचे गाळे गेले, वरच्या मजल्यावर कबुतरं. आठवडी बाजारात निव्वळ दिवे लावले असते तर भाजीवाल्या बाया आठपर्यंत बसल्या असत्या.

नवीन दुकान
2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता, 2025 च्या दुरुस्तीनं ती मर्यादा वीस झाली; ऑनलाइन सूचना पुरते. एजंटला पैसे देऊ नका.

तर्रीवाली
वेल्डिंगवाले भाऊ, त्या कौन्सिलला उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) लागते का?

वेल्डिंगवाला
हो ताई, आणि माल देण्याच्या आधीची पाहिजे. नंतर काढली असेल तर समोरचा वकील पहिलं तेच पकडतो. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन घेऊन बसा.