जुन्या गाडीचं एबीएस मॉड्यूल: दुरुस्त करावं की नवंच टाकावं?

घाटवाट:
२०११ ची पेट्रोल सेडान. गाडी थंड असेपर्यंत काही नाही, पण तासभर चालवून इंजिनचा कप्पा तापला की एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी दिवा गायब. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पंप मोटर सर्किटचा कोड निघाला आणि एबीएसची अख्खी असेंब्ली बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. गाडीला आज जेवढे मिळतील त्याच्या निम्मे पैसे त्यातच जातील. "रिपेअर होत नाही" हे वर.

न व्हायला काय झालं? असेंब्लीचे दोन भाग असतात. एक, ब्रेक ऑइल फिरतं तो हायड्रॉलिक ब्लॉक. दुसरा, त्याला स्क्रूने जोडलेला इलेक्ट्रॉनिक डबा. ब्लॉकची तक्रार सहसा नसते. डब्यातले जोड मात्र वर्षानुवर्षं तापून आणि निवून तडकतात, त्यातही पंपाला करंट देणारे आधी. बऱ्याच गाड्यांत डबा नुसता वेगळा काढता येतो. ब्रेकचे पाइप सोडायचे नाहीत, त्यामुळे पाइपांत शिरलेली हवा काढायची भानगड नाही. मग एका तडकलेल्या जोडापायी सगळं भंगारात का? दुरुस्ती हाच पहिला पर्याय असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

शून्यमैल:
म्युझिक सिस्टिम असती तर मीही हेच म्हणालो असतो. हा ब्रेक आहे, साहेब. पावसात ट्रकच्या मागे असताना तो जोड पुन्हा सुटला तर? नवं टाका, नाहीतर गाडी विका.

घाटवाट:
विका म्हणजे तोच दिवा दुसऱ्याच्या गळ्यात! आणि एबीएस गेलं म्हणजे ब्रेक गेले असं नाही, साधे ब्रेक लागतातच. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. माझ्याच मॉडेलचं खालचं व्हेरियंट एबीएसशिवाय विकलं जायचं, ते आजही रस्त्यावर पळतंय.

दहाचा_पाना:
घाटवाट, दुरुस्तीच्या बाजूने मीही आहे, पण हा मुद्दा उलटा पडतो. खालच्या व्हेरियंटला मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग वाल्व्ह असायचा. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. तेव्हा मागचं प्रेशर आवरायचं काम त्याचं. एबीएसवाल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो वाल्व्ह काढून तेच काम ईबीडीकडे (पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रेशर वाटून देणारा प्रोग्राम), म्हणजे याच डब्याकडे दिलंय. डबा पूर्ण झोपला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचं बूड फिरतं. म्हणजे तुमची गाडी त्या स्वस्त व्हेरियंटपेक्षाही वाईट अवस्थेत. एबीएसच्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागायला लागला तर गाडी चालवूच नका.

गॅरेजात याहून भयंकर प्रकार चालतात. फ्यूज काढून ठेवतात, मीटरमधला बल्बच काढतात. गिऱ्हाईक खूश, दिवा गेला! दुरुस्तीला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी याबद्दल बोलावं. नव्याचा भाव ऐकून माणूस नवं टाकतोच असं नाही, तो बल्ब काढतो.

सोल्डरिंगवाला:
इंजिनचे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, उघडणं हा माझा रोजचा धंदा आहे. जळलेला इग्निशन ड्रायव्हर बदलतो, गळका कपॅसिटर बदलतो, इमोबिलायझरचा (चावी ओळखून गाडी चालू होऊ देणारी यंत्रणा) डेटा जुन्या मेमरी चिपमधून काढून दुसऱ्या बोर्डात टाकतो. पण एबीएस मी घेत नाही.

कारण सांगतो. ईसीएम पुन्हा बिघडला तर गाडी बंद पडेल, गिऱ्हाईक मला शिव्या देईल, विषय संपला. एबीएसला तेवढ्यावर भागत नाही. दुसरं कारण कामाचं. यातल्या कित्येक डब्यांत साधा पीसीबी, म्हणजे नेहमीचा सर्किट बोर्ड, नसतो, सिरॅमिकची पट्टी असते आणि तिला जोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तारा. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. त्याला अल्ट्रासॉनिक बाँडिंगचं मशीन लागतं. ते नसलेला माणूस वर तांब्याची तार टाकून सोल्डरचा गोळा ठेवतो, झाकण सिलिकॉनने चिकटवतो आणि पहिल्या पावसाळ्यात आत दमट होतं. घाटवाट म्हणतात ते तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण करणारा कोण आहे ते आधी बघा.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडात एबीएसचा दिवा लागलेला असेल तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, नापास. त्यामुळे हे काम करणाऱ्या खास कंपन्याच आहेत. डबा काढून कुरिअरने पाठवायचा, तोवर गाडी दारात. तुमचाच डबा परत येतो, त्यामुळे कोडिंगचा, म्हणजे डबा गाडीशी जुळवून घ्यायचा, त्रास सहसा नसतो, आणि वर लेखी वॉरंटी. माझ्या जुन्या गाडीचं असंच करून घेतलं. ब्रेक म्हणून दुरुस्ती नकोच, हे मला पटत नाही.

ग्राहकराजा:
२०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग, निदानाची साधनं आणि माहिती मिळू न देणं हे त्यातलं मुख्य कारण. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचं 'राइट टू रिपेअर' पोर्टलही आलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं म्हणून "रिपेअर होत नाही" हे मान्य करायचं कारण नाही.

सोल्डरिंगवाला:
पोर्टल बघितलं. बोर्डाचा सर्किट डायग्राम मिळाला तर मलाही कळवा.

शून्यमैल:
मग भंगारबाजारातून वापरलेलं का नको? कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत शोधलं तर मिळेल. निदान कंपनीत बनलेलं तरी असेल.

दहाचा_पाना:
तेही तेवढंच म्हातारं, तेवढंच तापलेलं. शिवाय पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा, कोडिंग जमायला हवं, आणि ज्या गाडीतून निघालं ती पाण्यात बुडाली होती का ते विकणारा सांगत नाही.

घाटवाट, डबा काढायच्या आधी एक करा. पंप चालू असताना त्याची अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं मायनस यांच्यातला व्होल्टेज ड्रॉप मोजा. पंप भरपूर करंट ओढतो. अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल तरी हाच कोड येतो. ड्रॉप ०.२ व्होल्टच्या आत असेल आणि प्लगपर्यंत सप्लाय पूर्ण येत असेल, तरच संशय डब्यावर. दुरुस्तीनंतर बेंचवर डबा हीटगनने तापवून पंपाची टेस्ट समोर करून मागा. थंड डब्यावरची टेस्ट तुमच्या केसमध्ये निरर्थक आहे.

घाटवाट:
अर्थिंग रविवारी बघतो. तिथे काही निघालं नाही तर बाँडिंगचं मशीन असलेल्याकडेच डबा देईन, सोल्डरच्या गोळ्यावाल्याकडे नाही. पण नवी असेंब्ली नाही, हे नक्की.

शून्यमैल:
तापवून केलेली टेस्ट आणि लेखी वॉरंटी, दोन्ही देणारा इथे मिळाला तर पत्ता टाका. तोवर माझं मत आहे तेच आहे.