बिझीबॉक्सच्या शेलमध्ये कंट्रोल-सी चालत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका जुन्या एआरएम बोर्डावर स्वतःचं छोटंसं लिनक्स उभं करतोय, कर्नल आणि बिझीबॉक्स (शेलसकट नेहमीच्या कमांड एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये), बाकी काही नाही. बूट मस्त होतं, सिरियल केबलवर प्रॉम्प्ट येतो, पण त्याच्या आधी एक ओळ येते की टीटीवाय (म्हणजे टर्मिनल) मिळत नाही म्हणून जॉब कंट्रोल (चालू कमांड थांबवणं, मागे-पुढे नेणं) बंद केलाय. म्हटलं येऊ दे, आपलं काय जातंय, पण काल पिंग लावलं आणि ते थांबेचना, कंट्रोल-सी दाबलं की नुसती टोपी (^) आणि सी उमटतो आणि पिंग आपलं चालूच, कंट्रोल-झेडचंही तेच, शेवटी पॉवर काढायची. जॉब कंट्रोल चालू करणारं 'सेट -एम' करून बघितलं, परत तीच ओळ. टीटीवाय कमांड '/डेव्ह/कन्सोल' दाखवते. केबल आणि पुट्टी (पीसीवरचा टर्मिनल प्रोग्रॅम) ठीक आहेत, दुसऱ्या बोर्डावर सगळं चालतं. इनिटटॅबमध्ये (बूट झाल्यावर काय चालवायचं ते सांगणारी फाइल) शेलची ओळ '::आस्कफर्स्ट:-/बिन/एसएच' अशी आहे. कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद १: डॉकरमध्ये (कंटेनरमध्ये) आहे का? असेल तर टर्मिनल जोडणारं '-आयटी' देऊन चालवा.

धागाकर्ता: नाही हो, खरा बोर्ड आहे.

प्रतिसाद २: उत्तर तुमच्याच टीटीवायच्या आउटपुटमध्ये आहे. '/डेव्ह/कन्सोल' कुठल्याच सेशनचा (एकत्र चालणाऱ्या प्रोसेसच्या गटाचा) कंट्रोलिंग टर्मिनल होऊ शकत नाही, कर्नलनेच तसं ठेवलंय. कंट्रोल-सी दाबल्यावर कर्नल इंटरप्ट सिग्नल पाठवतो तो त्या टर्मिनलवरच्या फोरग्राउंड ग्रुपला (समोर चालू असलेल्या कमांडला), इथे तसा ग्रुपच ठरलेला नाही तर पाठवणार कुणाला? म्हणून पिंगला पत्ताच लागत नाही. सिरियल पोर्टचं खरं डिव्हाइस द्या, म्हणजे इनिटटॅबच्या त्या ओळीत पहिल्या कोलनच्या आधी 'टीटीवायएस०' लिहा. तुमच्या चिपवर नाव वेगळं असू शकतं, बऱ्याच एआरएमवर 'टीटीवायएएमए०' असतं, '/सिस/क्लास/टीटीवाय/कन्सोल/अ‍ॅक्टिव्ह' ही फाइल कॅट करून बघा. इनिटटॅबला हात न लावता नुसतं तपासायचं तर आत्ताच्याच शेलमध्ये 'सेटसिड सीटीटीहॅक एसएच' टाका, सेटसिड नवीन सेशन काढतं आणि सीटीटीहॅक खरं टीटीवाय शोधून जोडतं. फक्त बिझीबॉक्स बिल्ड करताना सीटीटीहॅक हे अ‍ॅपलेट (बिझीबॉक्समधली कमांड) चालू केलेलं हवं.

धागाकर्ता: झालं!! माझ्याकडे एएमए०च निघालं. ती इशाऱ्याची ओळ गायब, पिंग एका दणक्यात थांबलं, एफजी-बीजी (कमांड पुढे-मागे नेणं) पण चालतंय. आता एचडीएमआयच्या स्क्रीनवरही शेल हवा असेल तर?

प्रतिसाद २: 'टीटीवाय१'ची (स्क्रीनवरच्या टर्मिनलची) अजून एक तशीच ओळ खाली टाका. दोन्हीकडे वेगवेगळा शेल मिळेल.